तुझं गाऱ्हाणं आणि माझं

आजी, परवा ती पुन्हा फोनवर रडली आणि मला बरं वाटलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे तू कपाळाला हात लावून "ह्यो कसलो सोभाव गो तुझो" म्हणालीस तरी मी फसवलं असं होणार नाही. ती म्हणजे आपल्या अबुधाबीच्या बिल्डिंगमधली, आपल्या खालच्या मजल्यावरची काकू. आता कॅनडात मुलाकडे असते. म्हणाली, नातवंडं माझ्याशी बोलत नाहीत गं, मी मराठीत काही विचारलं की एकमेकांकडे बघून हसतात, आणि धाकटा तर माझ्यासारखं बोलून दाखवतो, त्यावर सून पण हसते. मी "अरेरे" म्हटलं. अजून दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या, तो धाकटा नेमकी कशी नक्कल करतो वगैरे. मग फोन ठेवला, चहा केला आणि साखर जरा जास्तच घातली.

तुला आठवत असेल, तू आलीस तेव्हा मी चौथीत होते. आई बँकेत, बाबा तेल कंपनीत, आणि शाळेची बस मला दुपारी बिल्डिंगखाली सोडून जायची, तेव्हा घरात कोणीतरी असावं म्हणून तुला आणलं. तू नारळ खवायचा आडाळो दोन लुगड्यांत गुंडाळून बॅगेत घातलास आणि विमानतळावरचा अरब अधिकारी त्याचं पातं बघून चक्रावला. बाबांनी "कोकोनट, कोकोनट" म्हणून हातवारे केले. तू मात्र खाली बसून पाय दुमडून त्याला नारळ कसा खवतात ते रिकाम्या हाताने करून दाखवलंस, आणि त्याने हसून "यल्ला, यल्ला" म्हणत तुम्हाला सोडलं. ही गोष्ट बाबा पाहुण्यांना सांगताना नेहमी "माझी आई म्हणजे ना" अशी सुरुवात करायचे, आणि शुद्ध मराठीत सांगायचे. तुझं बोलणंसुद्धा ते शुद्ध करून सांगायचे. मला तेव्हा वाटायचं की बाबांना मालवणी येतच नाही.

बसमधून उतरून मी वर येते. स्वयंपाकघरातून खोबऱ्याचा आणि तिरफळांचा वास येतो, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि तू न बघताच विचारतेस, "इलंस गो बाय? जेवलंस?" एवढंच. आई "कम, वॉश युवर हँड्स" म्हणायची, मीही तिला इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायचे, बिल्डिंगमधली सगळीच मुलं द्यायची. तुझ्याशी मात्र माझ्या तोंडातून आपोआप "व्हय, भूक लागली" असं यायचं. कोणी घरी आलं की तू माझ्याकडे बोट करून सांगायचीस, "ह्या आमचा चेडू." चेडू म्हणजे मुलगी, मग तू मला "ता", म्हणजे "ते", का म्हणतेस, असं एकदा विचारलं, तर तू हसलीस. म्हणालीस, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलीस की मग तू "ती" होशील, तोवर आमच्या घरातलं "ता"च आहेस. मला ते फार आवडलं होतं. शाळेत मी शी होते, आईला मी डार्लिंग होते, आणि तुझ्याकडे मी अजून लिंग ठरायचं बाकी असलेलं तुझं काहीतरी होते.

दर सोमवारी तू ओट्यावर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचीस, घरासाठी मागणं मागायचीस. गावी गाऱ्हाणं पुरुषमाणसाने घालायचं असतं, पण आजोबा गेले, बाबा इकडे, मग घरात दुसरं होतं कोण? लोक कुजबुजले तरी तू घालतच राहिलीस आणि इथेही तेच चालू ठेवलंस. अडचण एकच होती. गावच्या रवळनाथाला हाक मारशील, पण ज्या जागेवर उभी आहेस तिच्या राखणदाराचं काय? तिथला धनी कोण ते माहीत नसताना त्याला सोडून पुढे कसं जायचं? काही आठवडे तू नुसतंच "जो कोण आसात तो" म्हणून वेळ मारून नेलीस. मग एका शुक्रवारच्या सुट्टीत बाबा आपल्याला खोर फक्कानला घेऊन गेले. तिथे डोंगर थेट समुद्राच्या कडेला येतो, तो बघून तू गाडीतून उतरलीस, चपला काढल्यास आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिलीस. परत येताना म्हणालीस, "हय आसा कोणतरी." त्या सोमवारपासून तुझ्या गाऱ्हाण्यात "दर्याकाठच्या डोंगरावरल्या राखणदारा" असं आलं. आणि प्रत्येक ओळीनंतर "व्हय म्हाराजा" म्हणायला गावी वाडीभर माणसं असायची, इथे एकटी मी होते. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हात जोडून, घसा फोडून म्हणायचे. तू सांगितलं होतंस की गाऱ्हाणं घालणाऱ्यापेक्षा व्हय म्हणणाऱ्याची जबाबदारी मोठी, कारण देव विचारतो, हे एकट्याचं मागणं आहे की सगळ्यांचं.

आता तिचं सांगते. काकू दर शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमधल्या मुलांना मराठी शिकवायची. फुकट शिकवायची, हे तिच्या बाजूने कोणी बोलायच्या आधी मीच बोलून टाकते. तिथे मी माझी मैत्रीण उशिरा आली तेव्हा "ता इला" म्हटलं आणि सगळा वर्ग दात काढून हसला. दुसऱ्याच दिवशी ती वर आली. तू तिला सोलकढी दिलीस, तिने दोन घोट घेतले आणि पेला बाजूला ठेवला.

"आजी, रागावू नका हं," ती म्हणाली, "पण हिच्याशी जरा शुद्ध बोलत जा. मुलगी आहे ती. 'ता इला' काय, वस्तू आहे का? हिचं सगळं मराठी बिघडेल हो अशाने."

तू नुसती हसलीस. तुला वाटलं ती थट्टा करते आहे. मी तिथेच उभी होते, आणि त्या दिवसापासून मी तिला काकू म्हणायचं बंद करून आंटी म्हणायला लागले. कारण मला माहीत होतं की आंटी म्हटलेलं तिला अजिबात खपत नाही. पोरगी आहे, विसरते, असं तिला वाटायचं. मी एकदाही विसरले नाही.

मग तिच्याकडचा गणपती आला. दीड दिवसाचा, दारं-खिडक्या लावून, आरती हळू आवाजात, पण संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम असायचा आणि त्याला दुबई-शारजाहून पण माणसं यायची. तिने बाबांना गाठून विचारलं, तुमच्या आईंना ते अस्सल गाऱ्हाणं येतं ना, घालतील का? बाबा फुशारून वर आले. आणि तू, आजी, तू केवढी खूश झालीस. परमुलखात कोणीतरी गणपतीसमोर तुला गाऱ्हाण्याचा मान देत होतं. त्या दिवशी तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. डोक्यावरून अंघोळ केलीस, ठेवणीतलं लुगडं नेसलीस, नारळाची शेंडी स्वतः साफ केलीस आणि मला म्हणालीस की आज व्हय म्हणायला पुष्कळ माणसं आहेत, आज देव नक्की ऐकेल. काय मागणार आहेस ते मात्र सांगितलं नाहीस.

तिने माइक हातात घेऊन सांगितलं, "आणि आता आपला आजचा स्पेशल कॉमेडी आयटम." तिच्या नवऱ्याने नवीन व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेतला. तू गणपतीसमोर नारळ ठेवलास, पदर सारखा केलास आणि सुरू केलंस. पहिल्याच "बा देवा"ला हॉलमध्ये हशा पिकला. मुंबई-पुण्याच्या त्या मंडळींनी मालवणी ऐकली होती ती नाटकातल्या नोकराच्या तोंडची. गाऱ्हाणं म्हणजे हसायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. ते "व्हय म्हाराजा" म्हणत होते, पण हेल काढून, एकमेकांना टाळ्या देत, आणि काकू सगळ्यांत पुढे उभी राहून दोन्ही हातांनी त्यांना अजून जोरात म्हणायला लावत होती. तू दचकलीस. मी तुझ्या पायाशीच बसले होते, तू खाली माझ्याकडे पाहिलंस. पण सुरू केलेलं गाऱ्हाणं मधे सोडायचं नसतं. तू डोळे मिटलेस आणि शेवटपर्यंत नेलंस. मी माझं व्हय म्हाराजा मनापासून म्हणत होते, पण ते त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? बाबा मागे दाराजवळ उभे होते. ते हसत नव्हते आणि गप्पही नव्हते, तोंडावर एक हसू चिकटवून टाळ्या वाजवत होते.

जिन्यात तू कठड्याला धरून थांबलीस आणि मला विचारलंस, "कॉमेडी म्हंजे काय गो?"

मी म्हटलं, "गंमत."

"कोणाची?" तू म्हणालीस. "देवाची?"

मी दहा वर्षांची होते आणि मला उत्तर येत नव्हतं. आज येतं. तुझी, आजी. देवाचं त्यांनी काही बिघडवलं नाही, मोदक मिटक्या मारत खाल्ले आणि आरतीला डोळे मिटून उभे राहिले. गंमत तुझी केली. आणि तू मात्र वर येऊन, गाऱ्हाणं बाटलं म्हणून, तो प्रसादाचा नारळ हातात घेऊन ओट्याशी नुसती उभी राहिलीस.

त्यानंतर सोमवार बंद झाले. तेही मी सहन केलं असतं. पण काही दिवसांनी मी बसमधून उतरून वर आले, तर तू स्वयंपाकघरातून जपून, एकेक शब्द पुढे ठेवत म्हणालीस, "आलीस का? तू जेवलीस का?" मला कळेचना की घरात दुसरं कोण आहे. आत डोकावले तर तूच. मी "व्हय" म्हटलं, तर तू हळूच म्हणालीस, "हो म्हणावं." त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. तूच सांगितलं होतंस की मुलगी दुसऱ्या घरी गेली की "ती" होते. मी कुठेच गेले नव्हते आणि तू मला "ती" करून टाकलंस. तुझं ते शुद्ध मराठी तुला दुसऱ्याच्या चपलांसारखं व्हायचं, पावलागणिक सुटायचं. मग तू बोलणंच कमी केलंस. बाबांना वाटलं, आईचं मन रमत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला गावी पोचवून आले. नंतर शुक्रवारी फोन लावायचे तेव्हा तू मला विचारायचीस, "कशी आहेस?" आणि मी म्हणायचे, बरी आहे. आपलं एवढंच बोलणं उरलं होतं. तू गेलीस त्या आधीच्या शुक्रवारीही तेवढंच झालं. तुझ्या तोंडचं "इलंस गो" मी त्या गणपतीनंतर कधीच ऐकलं नाही, आणि ते कोणी नेलं ते मला ठाऊक होतं. मी डूख धरला.

लोक म्हणतात, वय वाढलं की असले राग विरघळतात. माझा चांगला मुरला. मुंबईला कॉलेज करून मी परत अबुधाबीत नोकरीला लागले, तेव्हा काकूचा नवरा रिटायर होत होता आणि ती दोघं कॅनडाला मुलाकडे निघाली होती. निरोपाचं मोठं जेवण ठरलं, शुक्रवारी दुपारी, हॉटेलच्या हॉलमध्ये. ती घरी आली आणि मला म्हणाली, "तुझ्या आजीने काय धमाल आयटम केला होता गं! लोक अजून आठवण काढतात. तू करशील? थांब, माझ्याकडे कॅसेट आहे, बघून प्रॅक्टिस कर." आणि तिने ती खरंच आणून दिली. इतकी वर्षं जपून ठेवली होती, वर चिकटपट्टीवर तिच्या वळणदार अक्षरात "गाऱ्हाणं, धमाल" असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "नक्की करेन, काकू." काकू म्हटल्यावर तिने माझ्या गालाला हात लावला.

मी ती कॅसेट मागे-पुढे करून तुझे शब्द पाठ केले. आधी हेल, मग श्वास कुठे घ्यायचा ते, मग शब्द. हॉलमध्ये मी तुझंच लुगडं नेसून गेले. तिथे गणपती नव्हता, बुफेच्या टेबलावर नारळ ठेवला. पहिल्या ओळीलाच हशा आणि "व्हय म्हाराजा". मी त्यांना दोन-तीन ओळी तशाच हसू दिल्या. मग तुझे शब्द सोडले आणि माझे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा, ह्या बायेन माझ्या आजयेची भाशा तिच्या तोंडातच मारल्यान रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा, सगळे ओरडले.

"तरी तिका तू उदंड आयुष्य दी. तिका पोरा दी, नातवंडा दी, मोठा घर दी रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

"आनी तिना तोंड उघडल्यान काय तिची नातवंडा तिच्या बोलण्याक हसांदेत. भरल्या घरात ती मुकी रवांदे रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा. आजी, त्यांना शब्द न शब्द कळत होता. मराठीच तर होतं. पण कॉमेडी आहे म्हटल्यावर कोणाला खरं वाटेना, जसं तुझंही वाटलं नव्हतं. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "अगदी आजीसारखं!" एवढ्या माणसांनी व्हय म्हटलेलं गाऱ्हाणं गावीसुद्धा कोणी घातलं नसेल. तुझ्या हिशेबाने ते एकट्या माझं मागणं नव्हतंच, सगळ्यांचं होतं, तिच्यासकट.

फक्त बाबा तिसऱ्या ओळीला गप्प झाले. गाडीत बसल्यावर त्यांनी चावी हातातच ठेवली, गाडी सुरू केली नाही. भर दुपार, आत भट्टी पेटल्यासारखं गरम झालेलं. मला वाटलं आता शुद्ध मराठीत लांबलचक ऐकावं लागणार.

"ह्या काय केलंस गो?" ते म्हणाले. "गाऱ्हाण्यात कोणाचा वायट मागूचा नसता."

गो. तुझ्यासारखंच. बाबांच्या तोंडून मालवणी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि तीही रागावण्यासाठी. मी त्यांना म्हटलं, तुम्ही हे त्या दिवशी बोलला असता तर? त्यांनी गाडी सुरू केली. पण त्या दिवसापासून ते घरी माझ्याशी तसंच बोलतात, अजूनही, आणि मी लग्न होऊन परक्या घरी गेले तरी त्यांनी मला "ती" केलेलं नाही. तेवढं मी तिच्याकडून वसूल केलं असं धरते.

आणि ते गाऱ्हाणं लागलं, आजी. कोणी म्हणेल, परदेशातल्या सगळ्याच आज्यांचं असं होतं, त्यात गाऱ्हाणं कसलं. म्हणू देत. ती मला का फोन करते माहीत आहे? कारण मी तिचं ऐकून घेते. तिला वाटतं मी मायाळू आहे. आता तीही शब्द तोलून, नातवंडांना कळेल असं, जपून इंग्लिश बोलते. सांगत होती, "यू एट?" विचारते मी त्यांना, तरी हसतात. तुझं ते जपून "तू जेवलीस का?" मला लगेच ऐकू आलं.

हे पत्र तुला पाठवणार कुठे, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिली आहे. ती कॅसेट मी तिला परत केली नाही. तुझा आवाज जगात तेवढाच शिल्लक आहे, आणि तो तिनेच जपला, याबद्दल मी तिचे आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही. मी ती कधीतरी एकटी असताना लावते. त्यात शेवटाकडे, सगळे हसत असताना, तू डोळे मिटून म्हणतेस, "माझ्या ह्या चेडवाक सांभाळ रे म्हाराजा," आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, "ह्या घरच्या लक्षुमेक, जिना माका हय मान दिल्यान, तिका आनी तिच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा." म्हणजे एवढं होऊनही तू तिच्यासाठी मागितलंस. त्या दिवशी गोंगाटात मला ते ऐकू आलं नव्हतं, पण माझं गाऱ्हाणं घालायच्या आधी, तुझे शब्द पाठ करतानाच, मी ते ऐकलं होतं. ती सुखी आहे, मोठं घर आहे, मुलगा बघतो, म्हणजे तुझंही लागलं. मी घरात एकटीच असले तरी तुझ्या प्रत्येक ओळीला हात जोडून, घसा फोडून व्हय म्हाराजा म्हणते. ती एक ओळ आली की मात्र गप्प बसते.